कोळसा खाणीत गेलेली शेती खाण बंद झाल्यावर परत मिळते का? तिथे पुन्हा पीक घेता येतं का?

तुम्ही लिहिलंय की राहायला नाशिकला, आजोळ वणीचं (आपली सप्तशृंगीची वणी नव्हे, यवतमाळची), आजोबांचं 6 एकर रान खाणीत गेलं, आता खाण बंद झालीये तर सातबारा परत आपल्या नावावर होऊन कापूस-तूर घेता येईल का. पहिल्या प्रश्नाचं उत्तर सरळसरळ "नाही" असं आहे. दुसऱ्याचं उत्तर तुमची माती कुठे टाकली यावर आहे, आणि त्यावर मला बोलायचंच आहे, कारण विदर्भात ओपनकास्टला (वरून खोदत नेलेल्या उघड्या खाणीत) सर्व्हेअर म्हणून माझी 28 वर्षं गेलीत.

आधी कायद्याचं संपवतो. सरकारी कंपनीच्या खाणीला जमीन बहुतेक 1957 च्या कोल बेअरिंग एरियाज कायद्याने घेतात. कलम 9 ची घोषणा निघाली की कलम 10 ने जमीन केंद्र सरकारची होते, कलम 11 ने ती कंपनीकडे जाते, आणि कोळसा संपल्यावर शेतकऱ्याला परत द्या असं त्या कायद्यात कुठेही नाही. काही जण 2013 च्या भूसंपादन कायद्याचं कलम 101 नाचवतात, पण ते 5 वर्षं न वापरलेल्या जमिनीसाठी आहे, तुमची तर वापरून झाली, शिवाय 1957 चा कायदा त्यातून वेगळाच ठेवलाय, फक्त मोबदला आणि पुनर्वसनाच्या तरतुदी लागू केल्यात. एप्रिल 2022 ला केंद्राच्या मंत्रिमंडळाने कोळसा काढून झालेल्या जमिनीचं काय करायचं ते ठरवलं: मालकी कंपनीचीच, वापर सोलर, वॉशरी (कोळसा धुण्याचा कारखाना), रेल्वे सायडिंग (माल भरायचा जोडरूळ) असल्या कामांना. त्या यादीत प्रकल्पग्रस्तांचं पुनर्वसनही आहे, ते लक्षात ठेवा.

खाण बंद करायला पैसा नसतो असं कोणी म्हणलं तर ऐकू नका. 2009 पासून क्लोजर प्लॅन (खाण बंद करायचा आराखडा) सक्तीचा आहे, ओपनकास्टला हेक्टरी 6 लाख आणि अंडरग्राउंडला 1 लाख या त्या वेळच्या दराने कंपनी एस्क्रो (राखीव ठेवीच्या) खात्यात पैसे भरते, आणि ते कोल कंट्रोलरच्या (केंद्राच्या कोळसा अधिकाऱ्याच्या) संमतीशिवाय काढता येत नाहीत. पैसा असतो, झाडं मोजलेली असतात (हेक्टरी 2,500 झाडं, डंपचा, म्हणजे खाणीतून काढलेल्या दगडमातीच्या ढिगाचा, उतार 28 अंशांच्या आत, असं पर्यावरण मंजुरीत लिहिलेलं असतं), फक्त वरची काळी माती जाग्यावर नसते.

आमच्याकडचं सांगतो, खाण कुठली ते सांगणार नाही. नवीन कट (खोदाईचा नवा पट्टा) उघडायचा होता. काळी माती आधी सोलून वेगळी ठेवायची हा नियम आहेच, मी जागा मोजून दिली, चुन्याच्या रेघा मारल्या, चार कोपऱ्यांना लाल झेंड्या लावल्या, ढीग बुटका ठेवायला सांगितला कारण उंच ढिगात खालची माती हवेवाचून मरते, वर गवत पेरायचं ठरलं. दोन महिने नीट चाललं. मग फेब्रुवारी उजाडला, मार्चचं टार्गेट डोक्यावर, ओबीचा (कोळशावरच्या दगडमातीचा) डंप लांब, डंपरच्या फेऱ्या कमी पडायला लागल्या आणि एका रात्रपाळीत जवळची जागा म्हणून माझ्या मातीच्या ढिगावरच खडक रिकामा केला. सकाळी गेलो तर चारपैकी एकच झेंडी दिसत होती, ती पण अर्धी. रजिस्टरला लिहिलं, साहेबांकडे गेलो. साहेब म्हणाले, तुला कोळसा मोजायला ठेवलंय, माती मोजायला नाही. मी तिथेच उलट बोललो आणि पुढे प्रमोशनला मागे राहिलो. त्याचं मला दुःख नाही, पण ती माती मात्र अजून आठवते.

त्याच कटात एका म्हाताऱ्या बाबांचं शेत होतं. ते एकदा व्ह्यू पॉईंटला येऊन उभे राहिले, म्हणाले, साहेब, माही विहीर कुठं हाये? मी प्लॅन उघडून जुना गट नंबर बसवला आणि समोर बोट दाखवलं. हवेत. खाली बेंचवर (खाणीच्या पायरीवर) शॉवेल (खोदायचं यंत्र) चालू होतं, त्याच्या वर साधारण 30 मीटरवर त्यांच्या विहिरीचं तोंड आलं असतं. बाबा बराच वेळ तिकडे बघत राहिले आणि मग विचारलं, बुजवल्यावर जमीन तेवढ्याच उंचीवर येईन का? मी म्हणालो येईल. दगडाने येईल हे मला माहीत होतं, पण तेवढं सांगायची माझी हिंमत झाली नाही.

आता आमचे साडू. निफाडला द्राक्षबाग आहे, माणूस मेहनती, पण दर दिवाळीला हा विषय निघतो आणि ते म्हणतात, माती काय हो, टिपरने आणायची, आम्ही नाही का मुरमावर धरणाचा गाळ टाकून बागा उभ्या केल्या? अहो साडूभाऊ, तुमचा मुरूम जागचा आहे, त्याच्या खाली आपला खडक बसलेला आहे, पाणी निचरतं. डंप म्हणजे फोडलेला वाळूचा दगड, काळी शेल (पापुद्र्यांचा दगड), कोळशाचे तुकडे, कसाही ओतलेला, तो वर्षानुवर्षं बसत राहतो, पाणी एकतर आरपार जातं नाहीतर वरून वाहून जातं, आणि आतला कोळसा स्वतःच तापून धूर काढतो. पावसाळ्यात वास येतो त्याचा. शिवाय हिशोब करा: 6 एकरावर फक्त एक फूट माती टाकायची म्हणलं तरी 2,600 ब्रास लागते, 5 ब्रासची हायवा धरली तर 500 च्या वर फेऱ्या. ती आणणार कुठून? दुसऱ्याचं रान सोलून? आणि तुमच्या बागेची मोटर ज्या विजेवर चालते तिच्यात विदर्भाचा कोळसा आहे, आपल्या एकलहऱ्याला रेल्वेने येतो तो. तिकडच्या मातीची किंमत आपण नाशिककरांनी तरी कमी लेखू नये.

डंपवर काहीच होत नाही असं मी म्हणत नाही. नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने गुमगावच्या मँगनीज खाणीच्या डंपवर साखर कारखान्याचा प्रेसमड (रस गाळून उरलेला गाळ) आणि जिवाणू-बुरशीची खतं वापरून झाडं जगवून दाखवलीत. गवत होतं, चारा होतो. सुप्रीम कोर्टाने जानेवारी 2020 मध्ये खाण संपल्यावर जागा पुन्हा गवताखाली आणायची अट घालायला सांगितलीये. पण कापूस-तूर वेगळी गोष्ट.

हे सगळं ओपनकास्टचं. तुमची जमीन अंडरग्राउंड खाणीच्या वर असेल तर कदाचित ती घेतलेलीच नसेल, फक्त खालचा कोळसा काढला असेल, मग सातबारा अजून घरचाच निघेल. तसं असलं तरी मायनिंगचा नकाशा बघितल्याशिवाय तिथे विहीर किंवा घर काढू नका. ऑगस्ट 2022 मध्ये घुग्घुसला आमराई वॉर्डात अख्खं घर जमिनीत गेलं, खाली जुन्या खाणीची पोकळी होती. आणि वनजमीन असेल तर ती वनखात्याकडे जाते, तो वेगळा मामला. क्लोजरच्या गाईडलाईन्स 2025 ला नवीन आल्यात, मी त्याच्या आधीच रिटायर झालोय, आकडे त्यातले बघा.

आधी तहसीलमधून सातबारा, फेरफार आणि कलम 9 च्या राजपत्राची प्रत काढा, गट नंबर जुळतो का बघा. कोल इंडियाच्या 2012 च्या धोरणात 2 एकराला एक नोकरी होती, तुमच्याकडच्या नोकऱ्या आणि मोबदला पूर्ण मिळाला का ते मामांना विचारा, तिथे काही राहिलं असेल तर जमिनीपेक्षा लवकर हाताला लागेल. मग आरटीआय टाका आणि तीनच प्रश्न विचारा: काळी माती किती घनमीटर काढली, कुठे ठेवली, कुठे किती जाडीने पसरली. बाकी पन्नास प्रश्न विचारू नका, नाहीतर झाडांच्या आकड्यात गुंडाळून पाठवतील. उत्तरात नुसतं "नियमानुसार" असं लिहून आलं तर 30 दिवसांच्या आत पहिलं अपील करा आणि सोबत डंपवर खणलेल्या दोन फुटी खड्ड्याचा फोटो जोडा, बाजूला टेप धरून.