वाचकांचे प्रश्न : मैदानावरची समता आणि मैदानाबाहेरची

प्रश्न : मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक असून खेळांची जबाबदारी माझ्याकडे आहे. १० डिसेंबरच्या मानवी हक्क दिनानिमित्त मुलामुलींचे सामने घ्यावेत आणि ‘मैदानावर भेदभाव नसतो’ असा फलक लावावा, असे आमच्याकडे ठरत आहे. खेळामुळे माणसाचे हक्क खरोखरच रुजतात काय? मुलांना सांगता येईल असे आपल्याकडचे एखादे उदाहरण द्यावे.
– एक शिक्षक, सातारा जिल्हा

उत्तर : सामने अवश्य घ्यावेत, फलकाच्या मजकुराचा मात्र फेरविचार व्हावा, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते. मैदानावर भेदभाव असतो, आणि ज्या मुलाने तो सोसला आहे त्याला असा फलक वाचून आपलेच काही चुकले असावे असे वाटेल. उदाहरणच द्यायचे तर क्रिकेटपटू बाळू पालवणकर यांचे द्यावे, आणि ते शेवटपर्यंत सांगावे.

१८७६ साली धारवाडला चर्मकार कुटुंबात जन्मलेले बाळू तरुणपणी पुण्यातील युरोपियनांच्या क्लबात अगदी तुटपुंज्या पगारावर कामाला होते. खेळपट्टीवर रोलर फिरवणे, आखणी करणे, सरावासाठी जाळी लावणे ही त्यांची कामे. गोऱ्या साहेबांना ते तासन्‌तास चेंडू टाकत. फलंदाजी मात्र त्यांच्या वाट्याला येत नसे. अशा सरावातून हा डावखुरा फिरकी गोलंदाज तयार झाला आणि युरोपियनांना हरवायचे असेल तर त्याच्यावाचून भागणार नाही, हे पुण्यातील हिंदू खेळाडूंच्या लक्षात आले. त्यांनी बाळूंना संघात घेतले. पण चहाच्या वेळी उरलेले दहा जण आत बसत आणि बाळूंना बाहेर, वापरून टाकून द्यायच्या मातीच्या भांड्यात चहा मिळे. जेवणाचे ताट वेगळे, टेबलही वेगळे. त्यांच्या बोटांतून सुटलेला चेंडू हाताळताना कोणाला विटाळ होत नव्हता, कपाला मात्र होत होता. मुलांना हा प्रसंग जरूर सांगावा, कारण खेळाने माणसे किती जवळ येतात आणि कुठे थांबतात, हे त्यात एकाच ठिकाणी दिसते.

पुढे मुंबईत परिस्थिती थोडी पालटली. हिंदू जिमखान्याच्या संघात बाळू आणि त्यांचे धाकटे बंधू शिवराम खेळू लागले, सहकाऱ्यांच्या पंगतीला बसू लागले, आणि १९०६ मध्ये हिंदूंनी युरोपियनांना १०९ धावांनी हरवले तेव्हा त्या विजयात या भावांचा मोठा वाटा होता. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात बाळूंनी ११४ बळी घेतले. एवढे कर्तृत्व असूनही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना मिळाले नाही. ते वर्षानुवर्षे उच्चवर्णीय खेळाडूकडेच जात राहिले.

१९२० च्या चौरंगी (हिंदू, पारशी, मुस्लिम आणि युरोपियन अशा चार संघांच्या) सामन्यांच्या वेळी बाळूंना वगळण्यात आले आणि कर्णधारपदासाठी त्यांचे आणखी एक धाकटे बंधू विठ्ठल यांची ज्येष्ठताही डावलली गेली, तेव्हा विठ्ठल आणि शिवराम या दोघा बंधूंनी संघातून अंग काढून घेतले आणि हा अपमान जातीवरून होत आहे, असे जाहीरपणे सांगितले. त्या एका नकाराने जे झाले ते आधीच्या शेकडो बळींनी झाले नव्हते. अंतिम सामन्यासाठी भाऊ संघात परतले, बाळू उपकर्णधार झाले, आणि १९२३ मध्ये विठ्ठल यांच्या नेतृत्वाखाली हिंदू संघाने चौरंगी स्पर्धा जिंकली. म्हणून माझे मत असे आहे की खेळ आपण होऊन कोणाला हक्क देत नाही. तो हक्क मागणाऱ्याला सर्वांसमोर उभे राहायला जागा देतो, आणि तिथे उभे राहून कोणीतरी मागणी करावीच लागते. या स्पर्धेतले संघ धर्मावर बांधलेले होते, ही गोष्टही मुलांपासून लपवू नये.

तुमच्या सामन्यांबाबत एवढेच सुचवतो : कर्णधार कोण, संघ कोण निवडतो, मैदान मुलींच्या वाट्याला दिवसातून किती वेळ येते आणि सामन्यानंतर पाणी कोण कोणाला देते, याकडे त्या दिवशी बारकाईने पाहावे. फलकावर घोषणेऐवजी बाळूंची हकीकत लिहिली तर मुले ती थांबून वाचतील.

प्रश्न : मानवी हक्कांच्या नावाखाली एखाद्या देशाशी खेळणे बंद केले की त्यात बिचाऱ्या खेळाडूंचेच नुकसान होते. खेळ राजकारणापासून दूर ठेवणे अधिक न्यायाचे नाही काय?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : खेळाडूंचे नुकसान होते, हे खरे आहे. दक्षिण आफ्रिकेचा बॅरी रिचर्ड्स हा असामान्य सलामीवीर केवळ चार कसोटी सामने खेळू शकला. भारतानेही १९७४ मध्ये टेनिसच्या डेव्हिस चषकाचा अंतिम सामना वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिकेशी खेळण्यास नकार दिला, आणि अमृतराज बंधूंच्या पिढीची चषक जिंकण्याची संधी गेली. चषक न खेळताच दक्षिण आफ्रिकेला मिळाला.

परंतु तिथे खेळात राजकारण बहिष्कार घालणाऱ्यांनी आणले नव्हते. ते संघनिवडीतच होते. केप टाउनच्या बेसिल डॉलिव्हेराला कातडीच्या रंगामुळे मायदेशाच्या संघात जागा नव्हती, म्हणून तो इंग्लंडला गेला. १९६८ मध्ये लंडनच्या ओव्हल मैदानावर त्याने १५८ धावा केल्या, आणि पुढे दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्यासाठी इंग्लंडच्या संघात त्याचे नाव येताच दक्षिण आफ्रिकेचे पंतप्रधान फोर्स्टर यांनी तो संघ स्वीकारायचे नाकारल्याने दौराच रद्द झाला. रिचर्ड्सला चार कसोटी तरी मिळाल्या. डॉलिव्हेराच्या बरोबरीच्या कितीतरी गौरेतर खेळाडूंना एकही मिळाली नाही, आणि त्यांची हळहळ जगाने क्वचितच केली.

प्रत्येक बहिष्कार न्याय्य असतो, असे मी म्हणणार नाही. ज्यांच्यावर अन्याय होतो त्यांनी स्वतः तो मागितला आहे काय, आणि तो केव्हा उठवायचा हे आधी स्पष्ट आहे काय, हे दोन प्रश्न मी विचारीन. दक्षिण आफ्रिकेच्या बाबतीत दोन्हींचे उत्तर होकारार्थी होते. समाजच विकृत असताना खेळ निकोप असू शकत नाही, ही भूमिका हसन हावा यांच्यासारख्या तिथल्याच गौरेतर क्रीडा संघटकांनी मांडली होती. १९९१ मध्ये गोऱ्यांचे व इतरांचे क्रिकेट मंडळ एक झाले, आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेने त्या देशाला पुन्हा प्रवेश दिला, आणि त्याच नोव्हेंबरात त्यांचा संघ कोलकात्यात भारताविरुद्ध एकदिवसीय सामना खेळला.