वाचकांचे प्रश्न : रणांगणातून तहाच्या बोलणीकडे

प्रश्न : फ्रान्सने १७१४ च्या तहाची बोलणी मार्शल विलार या सेनापतीकडे का सोपवली?

उत्तर : क्लोद लुई एक्तोर द विलार (१६५३–१७३४) वाटाघाटींत नवखा नव्हता, स्पेनच्या गादीवरून पेटलेल्या आणि या तहाने फ्रान्स व ऑस्ट्रिया यांच्यापुरत्या थांबलेल्या स्पॅनिश वारसायुद्धापूर्वी तो व्हिएन्नाच्या दरबारी चौदाव्या लुईचा वकील होता. १७०९ साली मालप्लाकेच्या लढाईत त्याचा गुडघा जायबंदी झाला, तरी १७१२ मध्ये दनँ येथे त्याने मिळवलेल्या विजयाने फ्रान्सची बाजू सावरली आणि, आमच्या मते, तहातील त्याच्या शब्दाला खरे वजन आले ते त्यामुळेच. राश्टाट येथे तहाच्या बोलणीला त्याच्यासमोर बसला तो ऑस्ट्रियाचा सेनापती प्रिन्स यूजीन, म्हणजे मालप्लाकेचाच प्रतिस्पर्धी. या दोघांनी केलेल्या तहानुसार स्ट्रासबर्ग फ्रान्सकडे राहिले, तर मिलान, नेपल्स व स्पॅनिश नेदरलँड्स ऑस्ट्रियाला मिळाले.