घरची परिस्थिती मुलांच्या शाळाप्रवेशावर शहरात आणि गावात सारखाच परिणाम करते का?

नाही. मी राहतो कोपरखैरण्याला आणि शिकवतो शहापूर तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत. रोज ठाण्याला गाडी बदलून आसनगाव गाठायचं, त्यामुळे दोन्हीकडची पोरं डोळ्यांसमोर असतात.

गावात नाव घालणं ही अडचण फारशी उरलेली नाही. शिक्षण हक्क कायदा २०१० पासून लागू आहे, आणि जूनमध्ये आम्हीच वाडीवर जाऊन नावं लिहून आणतो. खरी गोची दिवाळीनंतर. कातकरी कुटुंबं भिवंडी-कल्याणकडे वीटभट्टीवर निघतात. मालकाकडची उचल आधीच खर्चून झालेली, त्यामुळे न जाण्याची सोयच नाही. चौथीतल्या एका मुलीला मी शिक्षण हमी कार्ड भरून दिलं होतं, तिकडच्या शाळेत बसता यावं म्हणून. पावसाच्या तोंडावर परत आली तेव्हा कार्ड रेशनकार्डाबरोबर त्याच प्लास्टिकच्या पिशवीत, घडीही मोडलेली नाही. आई म्हणाली, "गुर्जी, धाकल्याला कोन धरील?" आईबाप दोघं विटा पाडणार, तान्हं पोर हिच्या कडेवर. पटावर मात्र ती वर्षभर होतीच.

शहरात घोडं अडतं ते कागदावर. आमच्या शेजारच्या भाडेकरूंना मुलासाठी, याच कायद्याने खासगी शाळांत ठेवलेल्या २५ टक्के राखीव जागांचा फॉर्म भरायचा होता. त्यासाठी लाखाच्या आतला उत्पन्नाचा दाखला हवा आणि भाडेकरार नोंदणीकृतच हवा. घरमालक करार नोंदवायला तयार नाही, दाखल्यासाठी दोन खाडे, म्हणजे दोन दिवसांची मजुरी गेली. तारीख उलटली. पोरगा महापालिकेच्या शाळेत गेला. ती शाळा वाईट नाही, पण निवड त्यांची नव्हती. माझे वडील वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात माथाडी, सातवी शिकलेले. पण कुठल्या खिडकीवर उभं राहायचं हे सांगणारं कोणीतरी ओळखीचं होतं. पैशाइतकाच या ओळखीचा फरक पडतो, असं माझं मत.

मुलाच्या वयाला चौदा वर्षं झाली की कायद्याचा हात सुटतो. गावात हायस्कूल लांब पडतं, तिथे आधी मुलीचं नाव गळतं. शहरात हायस्कूल दोन गल्ल्या सोडून असतं, तरी कमावता झालेला मुलगा फिरकत नाही.

अभ्यासासाठी विचारत असाल, तर पटसंख्येवर जाऊ नका. जानेवारीची हजेरी मागा.