नोकरी सोडून स्वतःचा टॉवेल कारखाना : जुन्या करारनाम्याची भीती किती बाळगावी?

प्रश्न : मी सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतील एका टॉवेल कारखान्यात नऊ वर्षे सुपरवायझर आहे. कारखान्यात चाळीसेक कामगार आहेत. मेव्हण्यांबरोबर भागीदारीत भाड्याच्या शेडमध्ये चार यंत्रमाग टाकून स्वतःचा धंदा सुरू करण्याचा विचार आहे. नोकरीला लागताना मालकांनी स्टॅम्प पेपरवर करारनामा करून घेतला. नोकरी सोडल्यावर पाच वर्षे सोलापूर जिल्ह्यात टॉवेल किंवा चादरीचा व्यवसाय करणार नाही, केल्यास पाच लाख रुपये भरीन, असे त्यात लिहिले आहे. दोन कोरे सह्या केलेले धनादेश आणि आयटीआयचे मूळ प्रमाणपत्रही त्यांच्याकडेच आहे. विषय काढताच ‘ग्रॅच्युइटी विसरा, पोलिसांत जाईन’ असे ते म्हणाले. नोकरी न सोडता तूर्त पत्नीच्या नावाने सुरुवात केली तर चालेल का?

उत्तर : तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण बाकी सगळे त्यावर अवलंबून आहे. पत्नीच्या नावाने सुरुवात करू नका. आज कायद्याची बाजू बऱ्याच अंशी तुमच्याकडे आहे. नोकरीत राहून दुसऱ्याच्या नावाने तोच धंदा केलात, तर ती तुम्ही स्वतःच्या हाताने मालकांकडे द्याल.

भारतीय करार अधिनियम, 1872 च्या कलम 27 नुसार, कोणालाही कायदेशीर व्यवसाय, व्यापार किंवा धंदा करण्यापासून रोखणारा करार तेवढ्यापुरता शून्य, म्हणजे कायद्याच्या दृष्टीने निरर्थक असतो. याला कायद्यातच दिलेला अपवाद धंद्याचा नावलौकिक विकणाऱ्याचा आहे. तुम्ही काहीही विकलेले नाही, तुम्ही नोकरी केली आहे. करारनामा स्टॅम्प पेपरवर आहे, नोटरीचा शिक्का आहे किंवा तुम्ही राजीखुशीने सही केली आहे, यापैकी कशानेही शून्य अट जिवंत होत नाही. अटच टिकत नसल्याने ती मोडल्याबद्दलचे पाच लाखही त्या आधारे मागता येत नाहीत. मूळचे श्रीरामपूरचे क्रिकेटपटू झहीर खान यांच्या प्रकरणात 2006 साली सर्वोच्च न्यायालयाने हेच स्पष्ट केले की, कराराची मुदत संपल्यानंतरही माणसाला बांधून ठेवणारी अट कलम 27 पुढे टिकत नाही, मग ती वाजवी वाटो वा न वाटो.

मात्र नोकरी चालू असतानाचा काळ वेगळा आहे, आणि येथेच अनेक होतकरू माणसे अडकतात. 1967 साली सेंच्युरी स्पिनिंगच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयापुढे आलेला माणूसही तुमच्यासारखाच सुपरवायझर होता. कल्याणच्या कारखान्यातील पाच वर्षांचा करार मध्येच सोडून तो प्रतिस्पर्धी कंपनीत गेला, आणि कराराच्या उरलेल्या मुदतीपुरता त्याला मनाई करणारा आदेश न्यायालयाने कायम ठेवला. सेवा चालू असेपर्यंत मालकाशी एकनिष्ठ राहण्याची अट धंद्याला आडकाठी ठरत नाही, हे त्यामागचे तत्त्व आहे. तुमच्या करारात अमुक वर्षे नोकरी केलीच पाहिजे अशी अट नाही, त्यामुळे तो निकाल तुमच्या राजीनाम्याआड येत नाही. पण राजीनाम्यापूर्वी पत्नीच्या नावाने उघडलेल्या धंद्याआड तो नक्कीच येईल.

कोणी तुम्हाला सर्वोच्च न्यायालयाचा 2025 मधील विजया बँकेचा निकाल दाखवील. तेथे तीन वर्षे नोकरी न केल्यास दोन लाख रुपये भरण्याची अट वैध ठरली, हे खरे आहे. पण ती अट किमान सेवेची होती. नोकरी सोडल्यावर कोणता धंदा करायचा नाही, हे ती सांगत नव्हती.

आता जे तुमचे नाही त्याबद्दल. नऊ वर्षांत हाताला आणि डोळ्याला आलेले कसब, म्हणजे सूत पारखणे, बीम भरून घेणे, माग कुठे अडतो ते ओळखणे, हे सर्वस्वी तुमचे आहे आणि ते कोणीही हिरावून घेऊ शकत नाही. चाटी गल्लीत कोणते व्यापारी टॉवेल घेतात, हेही शहराला ठाऊक असते. परंतु कोणत्या व्यापाऱ्याला कोणता दर, किती सूट आणि किती दिवसांची उधारी, ही कारखान्याच्या वहीतील माहिती मालकांची आहे. जेकार्डच्या नक्षीचेही तसेच. डिझाईन कायदा, 2000 खाली नोंदवलेल्या नक्षीला 10 वर्षे आणि नूतनीकरण केल्यास आणखी 5 वर्षे संरक्षण मिळते. तुमच्या मोबाईलमध्ये नक्षींची किंवा दरपत्रकांची छायाचित्रे असतील, तर राजीनाम्याच्या वेळी ती मालकांना दाखवून त्यांच्या सुपूर्द करा आणि तशी लेखी पोच घ्या. पोलिसांची धमकी एरवी पोकळ आहे, कारण करारभंगाचा वाद दिवाणी असतो; पण सोपवलेल्या मालाचा किंवा नोंदींचा नोकराने अपहार केल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम 316 खाली तो गंभीर गुन्हा ठरतो. तशी तक्रार करायला जागाच राहू नये, एवढे तुमच्या हाती आहे.

मला खरी काळजी वाटते ती कोऱ्या धनादेशांची. ‘रक्कम मी लिहिलेलीच नव्हती’ असे म्हणून सुटका होईल, असा समज सर्वत्र आहे आणि तो चुकीचा आहे. स्वतः सही करून स्वेच्छेने दिलेल्या कोऱ्या धनादेशालाही तो देण्यापोटीच दिला हे कायद्यातील गृहीतक लागू होते, आणि तो कोणत्याही देण्यापोटी नव्हता हे दाखवण्याची जबाबदारी सही करणाऱ्यावर येते. म्हणून राजीनाम्याबरोबरच स्पीड पोस्टाने मालकांना पत्र पाठवा. दोन्ही धनादेशांचे क्रमांक, ते नोकरीस लागताना केवळ सुरक्षेपोटी घेतले गेल्याची वस्तुस्थिती, आज कोणतेही देणे नसल्याचे निवेदन आणि ते परत करण्याची मागणी, असे सगळे त्यात असू द्या. बँकेलाही त्याच दिवशी लेखी कळवा, मात्र नुसते ‘पेमेंट थांबवा’ म्हणण्याने खटला टळतो असे धरून चालू नका. एखादा धनादेश वटवायला टाकून नोटीस आलीच, तर पंधरा दिवसांच्या आत वकिलामार्फत सविस्तर उत्तर गेलेच पाहिजे. नोटीस घेऊन गप्प बसलेली माणसे पुढे न्यायालयात फार अडचणीत येतात, आणि त्या गप्प बसण्यामागे बहुतेकदा केवळ घाबरणे असते.

आयटीआयचे मूळ प्रमाणपत्र अडवून ठेवण्याचा कोणताही अधिकार मालकांना नाही; त्याच पत्रात तेही मागा.

ग्रॅच्युइटी हा तुमचा हक्क आहे, मालकांची मर्जी नव्हे. आधी 1972 च्या कायद्याने आणि आता सामाजिक सुरक्षा संहितेने, पाच वर्षांची सलग सेवा झालेल्या कायम कामगाराला प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांचे वेतन मिळते. ग्रॅच्युइटीसाठी धरायचे तुमचे शेवटचे मासिक वेतन 18,000 रुपये असेल, तर त्याला 26 ने भागून 15 ने आणि नऊ वर्षांनी गुणल्यास सुमारे 93,460 रुपये होतात. ती रक्कम देय झाल्यापासून तीस दिवसांत मिळायला हवी. न मिळाल्यास सक्षम प्राधिकाऱ्याकडे व्याजासह मागता येते. राजीनामा देऊन स्पर्धक झालात म्हणून ती जप्त होत नाही. जाणूनबुजून वा निष्काळजीपणाने नुकसान करणे, हिंसक वर्तन किंवा नैतिक अधःपतनाचा गुन्हा यासाठी कामावरून काढून टाकल्यासच ती रोखता येते, आणि मी पत्नीच्या नावाचा मार्ग सुरुवातीलाच नाकारला त्यामागे हेही एक कारण आहे : मालकांच्या हाती बडतर्फीचे निमित्त जाऊ नये. भविष्य निर्वाह निधी तर तुमच्याच खात्यात आहे.

नव्या धंद्याबद्दल थोडक्यात. मेव्हण्यांबरोबरची भागीदारी तोंडी ठेवू नका. भागीदारीपत्र करा आणि भागीदारी संस्था निबंधकाकडे नोंदवा, कारण नोंदणी नसलेल्या संस्थेला 1932 च्या कायद्याच्या कलम 69 मुळे उधारी बुडवणाऱ्या ग्राहकावर दावा लावता येत नाही, आणि आपला टॉवेलचा व्यापार तर बराचसा उधारीवरच चालतो. लघुउद्योगांसाठीची उद्यम नोंदणी विनाशुल्क आहे, तिच्यासाठी दलालाला पैसे देऊ नका. वस्तूंच्या उलाढालीसाठी जीएसटीची 40 लाखांची मर्यादा तुम्ही ऐकली असेल, पण विजयपूर किंवा कलबुर्गीला पहिला गठ्ठा पाठवण्याआधीच नोंदणी घ्यावी लागेल, कारण राज्याबाहेरच्या विक्रीला ती मर्यादा लागू नाही. सोलापुरी टॉवेल आणि सोलापुरी चादर या दोन्ही नावांना भौगोलिक मानांकन आहे, तेव्हा ते नाव लेबलवर छापण्यापूर्वी अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद करून घ्या. तुमचे स्वतःचे चिन्ह जुन्या मालकांच्या चिन्हाशी दुरूनही मिळतेजुळते नसावे.

राजीनामा लेखी द्या, नियुक्तिपत्रातील नोटीसचा काळ पूर्ण भरा आणि कार्यमुक्तीचे पत्र मागा. शेडचा भाडेकरार, मागांची खरेदी आणि पहिला व्यवहार कार्यमुक्तीच्या तारखेनंतरचाच असू द्या. धंदा सुरू करण्याच्या सुमारास सोलापूरच्या दिवाणी न्यायालयात दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 148-अ खाली कॅव्हेट दाखल करून ठेवा, म्हणजे मालकांनी मनाईहुकूम मागितला तरी तुमचे म्हणणे ऐकल्याशिवाय तो सहसा दिला जाणार नाही. कॅव्हेट 90 दिवस चालते. धोका कायम वाटल्यास मुदत संपण्यापूर्वी नवे दाखल करा.