रात्रपाळीचे तीस हजार की दिवसाचे एकोणीस?

प्रश्न : मॅडम, मी भांडुपला राहते. बीकॉमच्या शेवटच्या वर्षाची परीक्षा नुकतीच झाली. कॉलेजमधूनच ऐरोलीच्या एका कंपनीत निवड झाली आहे. अमेरिकन बँकेच्या ग्राहकांचे फोन घ्यायचं काम (कॉल प्रोसेस), कायम रात्रपाळी, हातात तीस हजार, न्यायला-आणायला गाडी. दुसरीकडे फोर्टला एका सीए फर्ममध्ये अकाउंट्स असिस्टंटचं काम आहे, सकाळी दहा ते संध्याकाळी सात, एकोणीस हजार. मला सीएमए, म्हणजे कॉस्ट अकाउंटंटचा कोर्स, करायचा आहे. आजोबा गिरणीत कार्डिंग खात्यात होते, खोकून खोकून गेले. पप्पा बेस्टमध्ये ड्रायव्हर आहेत, त्यांना पाठदुखी आणि शुगर आहे. आई म्हणते, "त्या दोघांनी धूळ खाल्ली, ऊन खाल्लं. तुला एसीत खुर्चीवर बसायचंय, तुला कसली तब्येतीची काळजी?" मामा म्हणतो, या वयात पैसा बघायचा, तब्येत नंतर. तब्येतीचा विचार करून नोकरी निवडणं म्हणजे लाडावलेपणा आहे का? आणि लोकांच्या कामाच्या जागा सुधारायच्या, असं काम करता येतं का? त्याचं शिक्षण मुंबईत मिळतं का?

उत्तर : अगं, यात लाडावलेपणा कसला? पगार विचारतेस, बढती विचारतेस, तसंच हे काम माझ्या शरीराचं आणि डोक्याचं काय करणार, हेही विचारायचं. आणि ते सही करायच्या आधी विचारायचं. नंतर विचारलं तर उत्तर डॉक्टर देतात.

आधी आजोबांबद्दल, कारण त्यांचं दुखणं तुझ्या घरात नुसतं "खोकला" म्हणून राहून गेलेलं दिसतं. कापसाच्या धुळीनं छातीला होणाऱ्या आजाराला बायसिनोसिस म्हणतात. ब्लो रूम आणि कार्डिंग ही त्याची हमखास खाती, कारण तिथे कच्चा कापूस फोडला आणि विंचरला जातो आणि सगळी धूळ तिथेच उडते. सुरुवातीला त्याची एक खूण असते. सुट्टीनंतरच्या पहिल्या पाळीला छाती आवळल्यासारखी होते, दम लागतो, आणि आठवडा पुढे सरकला की बरं वाटायला लागतं. त्यामुळे माणूस त्याला आजार म्हणतच नाही. काही वर्षांनी तो त्रास आठवडाभर राहतो आणि पुढे काम सुटलं तरी सुटत नाही. १९४८च्या कारखाना कायद्यात हा आजार, डॉक्टरनं सरकारला कळवलाच पाहिजे, अशा यादीत घातला होता. आईला एकदा विचार, आजी सोमवारबद्दल काही बोलायची का.

रविवारची ती सुट्टीही गिरणी कामगारांना आपोआप मिळालेली नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४मध्ये मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभी केली, सभा घेतल्या, अर्ज केले, तेव्हा कुठे १० जून १८९०ला साप्ताहिक सुट्टी मान्य झाली. म्हणजे माणसाच्या शरीराला विसावा लागतो, हे याच शहरातल्या कामगारांनी शंभरहून जास्त वर्षांपूर्वी ठणकावून सांगितलं आहे. मामांना हे जरूर सांग.

आता आईचं म्हणणं. धूळ नाही, ऊन नाही, मग कसला आजार? त्यांनी जे पाहिलं त्यावरून त्या बोलतात आणि त्यात माया आहे. पण लंडनमध्ये १९६७ पासून सरकारी नोकरांची वर्षानुवर्षं पाहणी झाली. व्हाइटहॉल अभ्यास म्हणून ती ओळखली जाते. ही सगळी कार्यालयात काम करणारी माणसं होती. कुणी भुकेलं नाही, कुणी भट्टीपुढे उभं नाही, दवाखाना सगळ्यांना सरकारी आणि फुकट. तरीही सगळ्यात खालच्या श्रेणीतल्या पुरुषांचं मृत्यूचं प्रमाण सगळ्यात वरच्या श्रेणीच्या सुमारे तिप्पट निघालं. सिगारेट, रक्तदाब, कोलेस्टेरॉल यांचा हिशेब लावूनही हा फरक पुरता मिटेना. १९८५ पासूनच्या दुसऱ्या टप्प्यात त्याचं एक मोठं कारण पुढे आलं. आपल्या कामावर आपला ताबा किती? कोणतं काम आधी करायचं, कधी उठायचं, अडलं तर निर्णय घेता येतो का? ज्यांचा ताबा कमी, त्यांच्यात हृदयविकार जास्त. अमेरिकेत रॉबर्ट कारासेक यांनी १९७९मध्ये हेच वेगळ्या अंगानं मांडलं होतं. कामाची मागणी मोठी आणि हातात अधिकार छोटा, ही जोडी सगळ्यात वाईट.

आता या नजरेनं ऐरोलीच्या कामाकडे बघ. कॉलमागून कॉल. प्रत्येक कॉल किती मिनिटांत संपवायचा ते ठरलेलं. बोलणं रेकॉर्ड होतं, त्यावर क्वालिटीचे गुण मिळतात. ब्रेकला उठलीस की सिस्टिममध्ये नोंद. पलीकडचा माणूस कार्डावर लागलेल्या दंडावरून तुझ्यावर ओरडणार. तो दंड तू लावलेला नाहीस आणि माफही करू शकत नाहीस, पण आवाज गोड ठेवायचा आहे. धूळ नाही हे खरं. पण आठ तास दुसऱ्याचा राग गिळायचा आणि आपला दाबायचा, हे अंगमेहनतीपेक्षा हलकं काम आहे असं मला अजिबात वाटत नाही. माझ्याकडे अशी नोकरी सोडून येणारी मुलं सांगतात, घरी आल्यावर कुणाशी बोलावंसंच वाटत नाही, फोन वाजला तरी धस्स होतं. सगळ्यांचं असं होत नाही. चांगला टीम लीडर मिळाला तर हेच काम बरंचसं सुसह्य होतं. म्हणून तिथे सध्या काम करणाऱ्या एखाद्या मुलीला गाठून दोन गोष्टी विचार : कॉल हाताबाहेर गेला तर वरिष्ठ फोन घेतात का, आणि तुमच्या टीममधले किती जण वर्षभर टिकले? दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरावर बरंच काही कळेल.

आणि मग रात्र. माझा खरा आक्षेप इथे आहे. आपल्या शरीराचं घड्याळ उजेडावर चालतं. झोप, भूक, शरीराचं तापमान, साखर पचवण्याची ताकद, सगळं त्याच्या तालावर. या घड्याळाची आतली यंत्रणा शोधणाऱ्या तिघा शास्त्रज्ञांना २०१७चं नोबेल मिळालं. पहाटे तीनला कॅन्टीनमध्ये खाल्लेला वडापाव आणि दुपारी एकला खाल्लेला वडापाव शरीर सारखा हाताळत नाही, रात्री साखर जास्त चढते. वर्षानुवर्षं रात्रपाळी करणाऱ्यांमध्ये मधुमेहाचं प्रमाण जास्त आढळतं आणि तुझ्या वडिलांना तो आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २००७मध्ये रात्रपाळीला "बहुधा कर्करोगकारक" गटात टाकलं आणि २०१९मध्ये पुन्हा तपासून तिथेच ठेवलं. घाबरून जाऊ नकोस. वर्ष-दीड वर्षाच्या रात्रपाळीनं कर्करोग होतो असा याचा अर्थ नाही. पण "एसीत तर बसायचंय" या वाक्यानं हा मुद्दा निकाली निघत नाही, एवढं नक्की.

त्यात भांडुपचं घर. सकाळी सातला घरी येऊन तू झोपणार कुठे? कुकरच्या शिट्ट्या, शेजारचा टीव्ही, दारावर भाजीवाला, वडिलांची दुपारची ड्युटी असेल तर त्यांची ये-जा. वेगळी, काळोखी खोली असेल तर गोष्ट वेगळी. एकाच खोलीत सगळं चालत असेल तर सलग सहा तास झोप मिळणं कठीण, आणि अपुऱ्या झोपेवर सीएमएचा अभ्यास होत नाही. "सकाळी येऊन दोन तास पुस्तक उघडीन" असं ठरवणाऱ्या मुलांनी दुसऱ्या महिन्यात पुस्तक फळीवर ठेवलेलं मी पाहिलं आहे. यात त्यांचा आळस नव्हता.

वडिलांबद्दल दोन ओळी. १९५३मध्ये जेरी मॉरिस या डॉक्टरांनी लंडनच्या डबलडेकर बसवरच्या माणसांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दिवसभर बसून राहणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा जिने चढउतार करणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी होता. पुढे त्यांनीच युनिफॉर्मची मापं तपासली, तर ड्रायव्हरांची कंबर मुळातच मोठी निघाली. म्हणजे थोडा वाटा नोकरीचा, थोडा माणूस त्या नोकरीत येतानाच घेऊन आलेला. पप्पांची शुगर सगळी स्टिअरिंगमुळे आहे असं मी म्हणणार नाही. पण तासन्‌तास बसणं, गाडीचे धक्के, ट्रॅफिक आणि वेळेचा धाक यांचा पाठीवर आणि रक्तदाबावर भार पडतोच. त्यांची तपासणी वेळेवर होते का, ते तूच बघ.

फोर्टची नोकरी म्हणजे स्वर्ग आहे असंही समजू नकोस. सीए फर्ममध्ये रिटर्नचा जुलै आणि टॅक्स ऑडिटचा सप्टेंबर हे महिने अंगावर येतात. रात्री नऊ-दहापर्यंत बसावं लागतं, वर सीएसएमटीहून धीमी लोकल. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१मध्ये मिळून जाहीर केलं की आठवड्याला ५५ किंवा जास्त तास काम करणाऱ्यांना, ३५ ते ४० तास करणाऱ्यांच्या तुलनेत, पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकारानं मृत्यूचा धोका १७ टक्क्यांनी जास्त असतो. तुझे नऊ तास सहा दिवस म्हणजे जेवणाच्या सुट्टीसकट चौपन्न झालेच. म्हणून आधी विचार : शनिवार पूर्ण आहे की अर्धा? सीझनला उशीर झाला तर बदली सुट्टी मिळते का? परीक्षेची रजा देतात का? पीएफ आहे का? कर्मचारी राज्य विमा लागू आहे का? त्याची वेतनमर्यादा २१ हजार आहे, म्हणजे तुझा पगार त्यात बसतो.

तरीही माझं मत फोर्टच्या बाजूनं आहे. पहिल्या वर्षी तिथेही व्हाउचर आणि जीएसटीच्या नोंदीच करशील, पण काम जसं हातात येईल तसे निर्णयही हातात येतील, आणि सीएमए झाल्यावर तर नक्कीच. ऐरोलीत पगार वाढेल, पण कॉल घ्यायच्या खुर्चीवर तुझा ताबा वाढायला फार वेळ लागेल.

घरात पैशाची खरोखर ओढ असेल, कर्ज असेल, वडिलांची निवृत्ती जवळ असेल, तर मात्र मी तुला नाही म्हणणार नाही. पैशाची चणचणही झोप उडवते. आणि रिकामं बसणं तर सगळ्यात वाईट. ऑस्ट्रियातल्या मारिएन्थाल या गावात १९३०च्या सुमारास सूतगिरणी बंद पडली तेव्हा संशोधकांनी लिहून ठेवलं आहे की हातात सगळा दिवस मोकळा असूनही माणसं वाचनालयातली पुस्तकं पूर्वीपेक्षा कमी नेऊ लागली, रस्त्यानं चालायचीही हळू. १९८२च्या संपानंतरचं गिरणगाव ज्यांनी पाहिलं, त्यांना हे वेगळं सांगायला नको. तेव्हा ऐरोली घ्यावीच लागली तर एक वर्षाचा हिशेब ठेवून घे. बॉण्ड, म्हणजे मुदतीआधी नोकरी सोडली तर पैसे भरायची अट, आहे का ते ऑफर लेटरमध्ये वाच. महाराष्ट्राच्या २०१७च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार रात्री साडेनऊनंतर महिलेला तिच्या संमतीनंच कामावर ठेवता येतं आणि दारापर्यंत वाहन देणं मालकाची जबाबदारी आहे. "गल्लीच्या तोंडाशी सोडतो" हे चालवून घेऊ नकोस. खिडकीला जाड पडदा लाव आणि सुट्टीच्या दिवशी झोपेची वेळ पूर्ण उलटी करू नकोस.

शरीरापेक्षा मनाकडे जास्त लक्ष दे, कारण मनाचं दुखणं घरच्यांना दिसत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९मध्ये कामानं पिचून जाण्याची तीन लक्षणं मान्य केली : सतत गळून गेल्यासारखं वाटणं, कामाबद्दल तुसडेपणा येणं, आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असं वाटत राहणं. हे आठवडे-आठवडे टिकलं तर मैत्रिणीशी बोल, आणि डॉक्टरांशीही. सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास आहे, मराठीत बोलता येतं. केईएम, सायन, नायर या पालिका रुग्णालयांत मानसोपचाराची ओपीडी आहे.

शेवटचा प्रश्न. हो, हे काम करता येतं आणि मुंबई त्यासाठी चांगली जागा आहे. सायनला केंद्रीय श्रम संस्था आहे. तिथला औद्योगिक सुरक्षिततेचा पदविका अभ्यासक्रम मुख्यतः विज्ञान-अभियांत्रिकीच्या मुलांसाठी, त्यामुळे तो तुझ्या कामाचा नाही. पण परळला नारायण मेघाजी लोखंडे यांच्याच नावाची राज्य सरकारची श्रम विज्ञान संस्था आहे. तिथे मास्टर ऑफ लेबर स्टडीज हा अभ्यासक्रम चालतो आणि कॉमर्सच्या पदवीवर अर्ज करता येतो. तो करून मुलं कामगार कल्याण अधिकारी, मनुष्यबळ विभाग, कामगार खातं अशा वाटांनी जातात. देवनारच्या टाटा समाजविज्ञान संस्थेतही मनुष्यबळ आणि कामगार संबंधांचा अभ्यासक्रम आहे, पण प्रवेशाची स्पर्धा मोठी. सीएमए आणि हे दोन्ही एकदम अंगावर घेऊ नकोस. नोकरीचे सहा-आठ महिने काढ, आकड्यांत मन रमतंय की माणसांत ते तुझं तुला कळेल. त्याआधी एका मोकळ्या दिवशी परळला उतरून त्या संस्थेत चौकशी करून ये. जाण्याआधी फोन करून कार्यालय उघडं आहे का ते विचार, आणि पदवीची गुणपत्रिका बरोबर ने.