मिथेनमधल्या कार्बनचे संरूपण निऑनचे लिहायचे का?

ताई, तुमच्या अकरावीतल्या लेकीला पडलेला प्रश्न चांगला आहे. सोडियम क्लोराइडमध्ये सोडियमचे इलेक्ट्रॉन संरूपण (कोणत्या कक्षिकेत, म्हणजे अणूतल्या कोणत्या जागेत, किती इलेक्ट्रॉन याची नोंद) निऑनसारखे होते, मग मिथेनमध्ये अष्टक (बाहेरच्या कवचातले आठ इलेक्ट्रॉन) पुरे झालेल्या कार्बनचेही १एस² २एस² २पी⁶ लिहायचे का? आणि तसे असेल तर क्लासमध्ये सांगितलेले २एस¹ २पी³ कुठे गेले?

नाही लिहायचे. साधी बेरीज करायला सांगा तिला. सोडियमचे ११ आणि क्लोरीनचे १७ मिळून २८. आयन झाल्यावर १० आणि १८, म्हणजे पुन्हा २८. हिशेब जुळतो, म्हणून तिथे प्रत्येक आयनाचे वेगळे संरूपण लिहिता येते. आता मिथेन. कार्बनचे ६, चार हायड्रोजनचे ४, एकूण १०. कार्बनला निऑनसारखे १० दिले आणि प्रत्येक हायड्रोजनला हीलियमसारखे २, तर बेरीज होते १८! हे जास्तीचे आठ म्हणजे दोनदा मोजलेले बंधातले इलेक्ट्रॉन. जॉइंट खात्यातली पूर्ण रक्कम नवऱ्यानेही आपली म्हणून दाखवायची आणि बायकोनेही, तसला प्रकार. लुईसने १९१६ मध्ये जोडीची कल्पना मांडली ती सामायिक जोडीचीच.

मग एकेका अणूच्या वाट्याला नेमके किती येतात? ते वाटणी कशी करता यावर ठरते. हायड्रोजन क्लोराइडमध्ये अंदाज बांधणे सोपे आहे. एक अख्खा इलेक्ट्रॉन क्लोरीनकडे गेला असता, तर १२७ पिकोमीटरच्या त्या बंधाचे द्विध्रुव आघूर्ण (दोन टोकांचा विद्युतभार किती विभागला आहे याचे माप) ६.१ डिबाय आले असते. मोजलेले आहे सुमारे १.०८. म्हणजे साधारण ०.१८ इलेक्ट्रॉन सरकला. (ढोबळच, कारण क्लोरीनच्या एकाकी (बंधात न गुंतलेल्या) जोड्यांचाही त्या मापात हात असतो.) क्लोरीनवर १७.१८ आणि हायड्रोजनवर ०.८२, हे अपूर्णांक एस-पीच्या डोक्यावर पूर्णांकात कसे लिहिणार? मुळात ती पद्धत एकट्या अणूसाठी किंवा आयनासाठी आहे. रेणूत इलेक्ट्रॉन साऱ्या रेणूच्या कक्षिकांमध्ये असतात.

आता २एस¹ २पी³. मोकळ्या कार्बनची अशी अवस्था खरोखर आहे, तळाच्या अवस्थेपेक्षा सुमारे ४.२ इलेक्ट्रॉनव्होल्ट वर. पण मिथेन बनताना कार्बन आधी उत्तेजित होतो, मग संकरण (एस आणि पी कक्षिका मिसळून सारख्या नव्या कक्षिका) करून हायड्रोजनची वाट बघत बसतो, असे काही घडत नाही. चार बंध आणि चतुष्फलकी आकार समजावण्यासाठी पाउलिंगने १९३१ मध्ये वापरलेली ती गणिती मांडणी आहे. उत्तम आहे, मीही तीच शिकवतो. फक्त त्यावरून मुले चारही जोड्यांची ऊर्जा एकच धरतात, तिथे गाडी घसरते. मिथेनच्या प्रकाश-इलेक्ट्रॉन वर्णपटात (प्रकाशाने इलेक्ट्रॉन बाहेर काढायला किती ऊर्जा लागते त्याच्या आलेखात) संयुजा, म्हणजे बाहेरच्या कवचातले, इलेक्ट्रॉन दोन ठिकाणी दिसतात: १४ इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास तीन जोड्या, २३ च्या आसपास एक. बंध मात्र चारही सारखेच, कारण या कक्षिका साऱ्या रेणूवर पसरलेल्या आहेत. एकेक कक्षिका म्हणजे एकेक बंध नाही.

आतले १एस² जवळपास जसेच्या तसे राहते, तरी शेजार त्यालाही जाणवतो. ते इलेक्ट्रॉन काढायला मिथेनमध्ये सुमारे २९१ इलेक्ट्रॉनव्होल्ट लागतात, कार्बन टेट्राफ्लोराइडमध्ये सुमारे ३०२. फ्लोरीन बाहेरचे इलेक्ट्रॉन ओढून घेतो, आणि उरलेल्यांवर केंद्रकाची पकड घट्ट होते. अशी मोजणी आपल्या इंदुरातही होते, राजा रामण्णा केंद्राच्या इंडस सिंक्रोट्रॉनवर (वेगवान इलेक्ट्रॉन वर्तुळात फिरवून प्रखर प्रकाश आणि क्ष-किरण मिळवणारे यंत्र). अर्थात आपण अजून त्या केंद्राला जुन्या नावाने 'कॅट'च म्हणतो. तिथे कोणी ओळखीचे असेल तर लेकीला जरूर गाठ घालून द्या, माझ्या फळ्यापेक्षा त्याचा उपयोग जास्त होईल.

पेपरात काय लिहायचे, तेही विचारले आहेत. तळाची अवस्था १एस² २एस² २पी², उत्तेजित अवस्था २एस¹ २पी³, मग एसपी³ संकरण आणि चार सिग्मा बंध, या क्रमाने लिहू दे. अष्टक ठिपक्यांच्या आकृतीत दाखवावे. कार्बनपुढे २पी⁶ लिहू नये.