जुन्या पद्मिनीचे दिवे

प्रश्न : काका, वडिलांची १९८२ ची प्रीमियर पद्मिनी आहे. रात्री उमरेड रोडवर समोरचं काही दिसत नाही. एलईडी बल्ब टाकू का? – एक वाचक, नागपूर

उत्तर : थांबा जी, आधी बल्बला दोष देऊ नका. मीही माझ्या पद्मिनीत हौसेनं एलईडी टाकले. उजेड पांढराफेक, पण समोरचे ट्रकवाले शिव्या देत गेले! जुना रिफ्लेक्टर, म्हणजे बल्बमागची चकचकीत वाटी, बल्बमधल्या बारीकशा तारेच्या जागेचा हिशोब धरून घडवलेला असतो. एलईडीचे ठिपके तिथे नेमके बसले नाहीत की उजेड रस्त्याऐवजी समोरच्याच्या डोळ्यांत. शिवाय एलईडीला थंड ठेवणारा पंखा दिव्यामागच्या बंद डब्यात कोंडतो, आणि आपला मे महिना तुम्हाला माहीतच आहे.

दिवे लावून, इंजिन चालू ठेवून बल्बच्या पिनांवर व्होल्टेज मोजा. बॅटरीपेक्षा एक-दीड व्होल्ट कमी भरलं, तर चोर जुन्या वायरीत, स्विचमध्ये किंवा गंजलेल्या अर्थच्या (गाडीच्या पत्र्याला जोडलेल्या) वायरीत आहे. बॅटरीवरून फ्यूज घालून जाड वायर आणा, दोन रिले (दिव्यांचा जड करंट स्विचऐवजी स्वतःवर घेणारे स्विच) बसवा, अर्थचा जोड घासून घ्या. मग साधा ६०/५५ वॅटचा एच४ जातीच्या हॅलोजन बल्बचा उजेडही झकास पडतो. रिफ्लेक्टर काळवंडला असेल तर सात इंची नवा घ्या. १००/९० वॅटच्या नादी मात्र लागू नका, बल्बचा होल्डर वितळेल.